अस्थिरोपण द्रव्ये, संश्लेषित
अस्थिभंग, अर्बुद किंवा जंतुसंसर्ग यांमुळे हाडात पडलेली पोकळी भरण्यासाठी व तेथे नवीन अस्थी निर्माण होण्यास आधार मिळावा म्हणून वापरण्यात येणाऱ्या मानवनिर्मित पदार्थांना ‘संश्लेषित अस्थिरोपण द्रव्ये’ म्हणतात.

मोडलेल्या हाडाची टोके जुळवून स्थिर ठेवल्यास ते बहुधा आपोआप सांधते. सुश्रुतसंहितेत यासाठी बांबूच्या व वृक्षसालींच्या पट्ट्या बांधण्यास सांगितले आहे. हाडाचा काही भागच नष्ट झाला असल्यास मात्र एवढे पुरत नाही. अशा वेळी रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून काढलेली अस्थी सर्वांत उपयुक्त ठरते, कारण तीत जिवंत कोशिका असतात. परंतु तिचा साठा मर्यादित असतो व ती काढण्यासाठी दुसरी जखम करावी लागते. तेथील वेदना कित्येकदा दीर्घकाळ टिकते. संश्लेषित द्रव्यांचा इतिहास हा मुख्यतः ही दुसरी जखम टाळण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

इतिहास : जर्मनीत १८९२ मध्ये ड्रेसमान यांनी अस्थिपोकळ्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसने भरल्याचे नोंदविले. हे द्रव्य स्वस्त असले, तरी काही आठवड्यांतच विरघळते. त्यामुळे पुरेशी अस्थी तयार होण्यापूर्वीच आधार नाहीसा होऊ शकतो. अस्थीच्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग खनिज असून तो मुख्यत्वे कॅल्शियम फॉस्फेटाचा असतो. हे लक्षात घेऊन आल्बी व मॉरिसन या अमेरिकन शस्त्रक्रियाविशारदांनी १९२० मध्ये त्याच जातीच्या संयुगाचे प्रयोग प्रसिद्ध केले. १९६९ मध्ये लॅरी हेंच यांनी फ्लॉरिडा विद्यापीठात अस्थीशी घट्ट जुळणारी काच तयार केली. १९७० नंतर हायड्रॉक्सीॲपेटाइट व ट्रायकॅल्शियम फॉस्फेट यांची भट्टीत भाजलेली सच्छिद्र द्रव्ये आणि १९८० नंतर पोकळीत भरल्यावर घट्ट होणारी कॅल्शियम फॉस्फेट सिमेंटे पुढे आली.

कार्य व मर्यादा : द्रव्याच्या छिद्रांत प्रथम रक्तवाहिन्या व अस्थिकोशिका शिरतात आणि त्यांच्या भिंतींवर नवीन अस्थी साचते. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट त्यामानाने लवकर शोषले जाते. हायड्रॉक्सीॲपेटाइट मात्र अनेक वर्षे टिकते. ही द्रव्ये ठिसूळ असल्याने भार पेलण्यासाठी धातूची पट्टी किंवा सळई जोडावी लागते. त्यांत जिवंत कोशिका नसल्यामुळे मोठ्या पोकळीत ती रुग्णाच्या स्वतःच्या अस्थीची बरोबरी करू शकत नाहीत.

भारतातील कार्य : दुसरी जखम टाळण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे दात्यांची अस्थी साठवून वापरणे. मुंबईत परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरणाच्या साहाय्याने ऊतक पेढी सुरू झाली. तेथे अस्थी गोठवून वाळविल्यावर गॅमा किरणांनी निर्जंतुक केली जाते. या तंत्राचा पाया मुंबईत आधीच घातला गेला होता. वैद्यकीय साधनांचे किरणांनी निर्जंतुकीकरण करणारा आयसोमेड प्रकल्प ट्रॉम्बे येथे १९७४ मध्ये सुरू झाला होता. संश्लेषित द्रव्यांच्या बाबतीत तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने हायड्रॉक्सीॲपेटाइटवर आधारित द्रव्ये विकसित केली आहेत. पेढीतील अस्थी दात्यांवर अवलंबून असते. संश्लेषित द्रव्य हवे तेवढे तयार करता येते व त्यातून दात्याचा रोग संक्रमित होण्याचे भय नसते. म्हणून हे दोन्ही मार्ग परस्परपूरक ठरले आहेत.