एक सर्व्हो, दोन कामे

तामिया कंपनीची १/१२ मापाची पोर्श ९३४ ही विजेवर चालणारी रेडिओ मोटार १९७६ साली आली. नायट्रो इंजिनाच्या मोटारीत मात्र एकच सर्व्हो, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर हलणारी छोटी यंत्रणा, पुढे सरकून कार्ब्युरेटर उघडतो, मागे सरकून ब्रेक ओढतो. मधल्या जागी दोन्ही सैल हवेत; नाहीतर ट्रिगर सोडला तरी डिस्क घासत राहते. पूर्वी ही जुळवणी तारेवरच्या कॉलरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून व्हायची, तीही चिकाटीने. पुढे रिमोटमध्ये संगणकाची चिप बसली आणि दोन्ही टोकांची मर्यादा टक्क्यांत ठरू लागली. निसरड्या जमिनीवर ब्रेकचा टक्का उतरवावा लागतो. असे रिमोट आता ज्यावर चालतात तो २.४ गिगाहर्ट्झ पट्टा भारतात २००५ च्या नियमांनी परवानामुक्त झाला. त्यावर वारंवारता ठरवणारे क्रिस्टल बदलायची कटकट उरलेली नाही. मधली जागा जुळवणाऱ्या ट्रिमची मात्र आहे.