लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्ड न ओळखले जाणे

लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्ड न ओळखले जाणे ही छायाचित्र-संपादन, चलचित्र-संपादन व त्रिमितीय रचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये आढळणारी तांत्रिक समस्या आहे. लॅपटॉपमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असूनही सॉफ्टवेअरमध्ये ते दिसत नाही किंवा त्याचा पर्याय निष्क्रिय राहतो आणि सर्व भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. कार्ड निकामी झाले, असा समज त्यामुळे होतो. परंतु पुष्कळदा दोष कार्डात नसून त्याच्या निवडीत किंवा ड्रायव्हरमध्ये असतो. म्हणून दुरुस्तीवर खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे तपासणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

अनेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधील एकात्मिक ग्राफिक्स आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड असे दोन घटक असतात. वीज वाचवण्यासाठी साधी कामे एकात्मिक घटकाकडे सोपवली जातात. एनव्हिडियाने २०१० मध्ये आणलेल्या ऑप्टिमस तंत्रज्ञानात ही अदलाबदल आपोआप होते. ही निवड चुकल्यास सॉफ्टवेअरला स्वतंत्र कार्ड मिळत नाही.

निदान

विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स' हा भाग प्रथम पाहिला जातो.

• दोन्ही घटकांची नावे विनासूचना दिसल्यास दोष बहुधा निवडीत किंवा सॉफ्टवेअरच्या मांडणीत असतो.
• 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' असे नाव दिसल्यास योग्य ड्रायव्हर कार्यरत नसतो.
• संकेतांक २२ म्हणजे कार्ड बंद करून ठेवलेले असणे.
• संकेतांक ४३ म्हणजे कार्डाने बिघाड कळवल्याने विंडोजने ते थांबवणे. याचे कारण ड्रायव्हर किंवा यंत्रभाग यांपैकी काहीही असू शकते.
• स्वतंत्र कार्डाचे नावच नसल्यास बायोसमधील मांडणी व यंत्रभाग तपासावे लागतात.

उपाय

विंडोज १० च्या एप्रिल २०१८ मधील आवृत्तीपासून सेटिंग्जमधील 'सिस्टिम', 'डिस्प्ले', 'ग्राफिक्स' या क्रमाने प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी कार्ड निवडता येते. तेथे 'हाय परफॉर्मन्स' हा पर्याय निवडून सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करावे लागते. ड्रायव्हर लॅपटॉपच्या किंवा कार्डाच्या उत्पादकाकडूनच घेणे इष्ट असते. एनव्हिडिया २०१९ पासून सर्जनशील कामांसाठी 'स्टुडिओ' ड्रायव्हर वेगळा देते.

त्यानंतर सॉफ्टवेअरमधील मांडणी पाहिली जाते. फोटोशॉपमध्ये 'प्रेफरन्सेस'मधील 'परफॉर्मन्स' येथे, तर प्रीमियर प्रोमध्ये प्रकल्पाच्या मांडणीतील 'रेंडरर' येथे हा पर्याय असतो. ब्लेंडरच्या सायकल्स रेंडररसाठी 'प्रेफरन्सेस'मधील 'सिस्टिम' येथे एनव्हिडियाकरिता क्यूडा किंवा ऑप्टिक्स आणि एएमडीकरिता हिप निवडतात. मात्र दृश्याच्या रेंडर मांडणीतही 'जीपीयू कॉम्प्युट' निवडले नाही, तर काम प्रोसेसरवरच होते.

मर्यादा

जुने कार्ड सुस्थितीत असूनही नव्या आवृत्तीला चालत नाही, असेही घडते. ब्लेंडर ३.० (२०२१) मधून सायकल्ससाठीचा ओपनसीएल आधार काढण्यात आला, तर ब्लेंडर ४.० (२०२३) साठी ओपनजीएल ४.३ आवश्यक झाले. अशा वेळी सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती वापरणे हा पर्याय उरतो.

यंत्रभागातील बिघाडास उष्णताही कारणीभूत ठरते. जालन्यासह मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते; त्यात धुळीने पंखा तुंबल्यास कार्ड अधिक तापते. कामाच्या मध्येच कार्ड दिसेनासे होऊन लॅपटॉप थंड झाल्यावर पुन्हा दिसणे, हे यंत्रभागातील दोषाचे लक्षण असू शकते. अशा स्थितीत ड्रायव्हर बदलण्यापेक्षा पंख्याची सफाई व तंत्रज्ञाकडून तपासणी उपयुक्त ठरते.