आरशामागून
1988. फ्लॉरिडातल्या एका शाळेत तुम्ही पहिलीच्या इवल्याशा खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसला आहात. भिंतीवर एडी नावाचा गरुड. बंदूक दिसली तर थांब, हात लावू नकोस, तिथून निघ, मोठ्यांना सांग. वर्ग पाढ्यांच्या चालीत ओरडतो, तुम्हीही ओरडता. हा गरुड नॅशनल रायफल असोसिएशनचा, मॅरियन हॅमर यांच्या कल्पनेतला. बंदुकीची भलामण करणाऱ्यांनीच तिला शिवू नका म्हणावं, याची गंमत वाटते. पण धड्यात खोट काढायला जागा नाही.

आता दहा-बारा वर्षं पुढे या. अटलांटा. अंधाऱ्या खोलीत तुम्ही आरशामागे उभे आहात. तुम्हाला पलीकडचं दिसतं, त्यांना तुम्ही दिसत नाही. पलीकडे दोन मुलगे, नऊ-दहा वर्षांचे. मोठं माणूस त्यांना खेळायला सांगून निघून गेलंय. पंधरा मिनिटं कुणी येणार नाही. एका खणात पाण्याची पिस्तुलं आहेत. दुसऱ्या खणात .380 चं खरं पिस्तूल, गोळ्यांविना.

खण उघडतो. "खरं आहे का रे?" "छे, खेळण्यातलं." तुम्ही श्वास रोखता. मनातल्या मनात त्यांना त्या पाठ केलेल्याची आठवण करून देता: थांब, हात लावू नकोस. धाकटा पिस्तूल उचलतो, वजनानं त्याचं मनगट खाली जातं. तरी तो नळीत डोकावतो. मग बोट चापावर. गोळी सुटेल इतका दाब पडला की तसा संदेश पाठवणारं यंत्र आत बसवलेलं आहे.

दिवा लागतो.

हा प्रयोग 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. आठ ते बारा वर्षांचे 64 मुलगे, दोघा-तिघांचे 29 गट. 21 गटांना पिस्तूल सापडलं, 16 गटांनी ते हाताळलं, 10 गटांत कुणीतरी चाप ओढला. हाताळणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांनी सांगितलं, बंदुकीपासून सावध राहायचं आम्हाला शिकवलंय. खोटं बोलत नव्हती बिचारी. शिकलेलं तोंडात होतं आणि खण हाताशी. मला विचाराल तर दोष त्या बोटाला देणं हा मोठ्यांचा पळपुटेपणा आहे.

शेवटचा मुक्काम टेनेसी, 2025 चं शालेय वर्ष. 2024 च्या कायद्यानं बंदुकीपासून सावध राहण्याचा धडा बालवाडीपासून सक्तीचा झालाय. वर्गात खरी बंदूक आणायला बंदी, म्हणून सगळं चित्रांवर. घरी बंदूक सुरक्षित कशी ठेवतात, हेही शिकवायचं आहे. बाई कुलूपबंद कपाटाचं चित्र दाखवतात. तुमच्या शेजारची चिमुरडी टुणकन उठते.

"आमच्याकडे पण आहे! डॅडी किल्ली कुठे ठेवतात, मला माहितीय."

लगेच आणखी तिघांचे हात वर. त्यांनाही माहिती आहे.