पीप्ससाहेबांनी लिहून न घेतलेले गाणे

१९९५ च्या हिवाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे केंब्रिजला आली होती. तुमच्यापैकी ज्यांच्या आया असे सहा महिने येऊन गेल्या आहेत, त्यांना पुढचे सांगायला नकोच. पहिल्या आठवड्यात थंडीचे कौतुक, दुसऱ्यात थंडीला शिव्या, तिसऱ्यात "तुमच्याकडे शेजारीपाजारी कुणी येतच नाही का रे?" आम्ही दोघे कामावर आणि मुले शाळेत. दिवसभर आई स्वयंपाकघरात, आणि सोबतीला एक कॅसेट प्लेअर.

अभंगांच्या चार कॅसेट पाठ झाल्यावर एके दिवशी तिने माझ्या खणातली एक कॅसेट लावली. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला दिलेली ती कॅसेट होती डॉली पार्टनची 'हार्टसाँग्ज'. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातली, बारा भावंडांच्या गरीब घरातली ही मुलगी तोपर्यंत कंट्री संगीतातली फार मोठी गायिका झालेली होती. नाव, पैसा, सिनेमा सारे मिळून झाल्यावर १९९४ साली तिने हा आल्बम काढला. लहानपणी डोंगरात ऐकलेली जुनी गाणी आणि त्याच वळणाची स्वतःची काही, अशी ही मैफल समोर श्रोते बसवून ध्वनिमुद्रित केलेली. त्यात 'बार्बरा ॲलन' नावाचे एक पारंपरिक गाणे आहे. मध्येच 'अल्टन' या आयरिश संचाची गायिका त्याच गाण्याच्या ओळी गेलिक भाषेत म्हणते.

मी संध्याकाळी घरी आलो तर आई तेच गाणे पुन्हा लावून बसलेली. इंग्रजीचा गंध नाही. मला म्हणाली, "ही बाई काहीतरी सांगतीय रे. काय सांगतीय?"

मी गोष्ट सांगितली. एक तरुण मरणाला टेकलाय. तो बार्बरा ॲलनला बोलावणे धाडतो. ती सावकाश येते, त्याच्याकडे बघते, तू आता वाचत नाहीस एवढेच म्हणते आणि निघून जाते. वाटेत तिला त्याच्या मरणाची घंटा ऐकू येते. मग तिचे काळीज फाटते, आणि दुसऱ्या दिवशी तीही जाते. दोघांना शेजारी पुरतात. एकाच्या थडग्यातून गुलाब उगवतो, दुसऱ्याच्या थडग्यातून काटेरी वेल, आणि वर जाऊन दोन्ही एकमेकांत गुंततात.

"म्हणजे मेल्यावर भेटली होय!" आई म्हणाली. "हे जात्यावरचंच आहे." आणि कणीक मळता मळता तिने ओव्या सुरू केल्या. आजोळी, वाईजवळच्या गावात, पहाटे आजी आणि मामी जात्याच्या खुंट्याला हात लावून म्हणायच्या त्या. भावाच्या वाटेकडे डोळे लावलेल्या, सासूच्या बोलण्याच्या, सीतेच्या वनवासाच्या. अर्धा-पाऊण तास ती म्हणत होती. तिला इतक्या ओव्या येतात हे मला तोवर ठाऊकच नव्हते. मला अतिशय आनंद झाला. त्या रात्री मी डायरीत तसे लिहूनही ठेवले.

आता मला तुम्हाला आपल्याच गावातल्या एका जुन्या इमारतीत न्यायचे आहे.

केम नदीच्या काठी एक कॉलेज आहे. स्पेलिंगप्रमाणे वाचावे तर मॅग्डलीन, पण उच्चार करायचा मॉडलिन. तिथे शिकलेल्या एका गृहस्थाचे नाव लिहितात 'पेपिस'सारखे आणि म्हणतात 'पीप्स'. इंग्रजांशी या बाबतीत वाद घालण्यात अर्थ नसतो. हे सॅम्युअल पीप्स लंडनला आरमाराच्या कचेरीत मोठे अधिकारी झाले. १६६० ते १६६९ अशी साडेनऊ वर्षे त्यांनी रोज डायरी लिहिली. लंडनचा प्लेग, १६६६ ची मोठी आग, राजदरबार, कचेरीतली लाचलुचपत, बायकोशी भांडणे, सारे काही त्यात आहे. १७०३ साली ते वारले. पुढे १७२४ मध्ये त्यांची तीन हजार पुस्तके कॉलेजात आली, ती अशा अटीवर की एकही पुस्तक वाढवायचे नाही आणि एकही कमी करायचे नाही. अट मोडली तर सगळा संग्रह ट्रिनिटी कॉलेजकडे जाणार. पुस्तके आजही त्यांनीच करून घेतलेल्या ओक लाकडाच्या कपाटांत, उंचीप्रमाणे लावलेली आहेत. बुटक्या पुस्तकांखाली लाकडाचे ठोकळे ठेवले आहेत, म्हणजे वरची रेघ सरळ दिसावी. अशा माणसाच्या हातून काही निसटेल असे कुणाला वाटेल?

ती डायरी लघुलिपीत लिहिलेली होती. आपल्याकडे मोडीची बाडे पडून राहतात तशी ती शंभर वर्षे न वाचता पडून होती. १८१९ मध्ये सेंट जॉन्स कॉलेजच्या जॉन स्मिथ नावाच्या एका गरीब विद्यार्थ्याला ती उलगडायचे काम मिळाले. तीन वर्षे डोळे फोडून त्याने ते पुरे केले. त्या लघुलिपीचे पाठ्यपुस्तक त्याच ग्रंथालयात, त्याच कपाटांत होते, हे बिचाऱ्याला कुणी सांगितलेच नाही!

या डायरीत २ जानेवारी १६६६ ची एक नोंद आहे. प्लेग ओसरू लागला होता आणि माणसे पुन्हा एकमेकांकडे जाऊ लागली होती. एका मेजवानीत पीप्ससाहेबांना नाटकात काम करणारी मिसेस नेप भेटली. तिने गाणी म्हटली. त्यातही तिचे बार्बरा ॲलनचे छोटेसे स्कॉटिश गाणे ऐकून आपण अगदी सुखावून गेलो, असे ते लिहितात. तीनच दिवसांनी तिचे पत्र आले, तर खाली सही 'बार्बरा ॲलन'. यांनीही तसेच गमतीचे टोपणनाव घेऊन उत्तर धाडले. आज जगभर गाइल्या जाणाऱ्या या गाण्याचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख तो हाच.

उल्लेख, फक्त उल्लेख. पीप्स स्वतः गाणारे, वाद्ये वाजवणारे, चाली बांधणारे. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या छापील गाण्यांचे सतराशेहून जास्त कागद त्यांनी जमवले. लघुलिपी तर हातातली. पण नेपबाईंनी त्या रात्री नेमके कोणते शब्द म्हटले, कोणत्या चालीत म्हटले, यातले डायरीत काहीही नाही. आवडले, एवढेच आहे.

तरीही गाणे टिकले, कारण ते पीप्ससाहेबांच्या भरवशावर नव्हतेच. अठराव्या शतकात स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड आणि इंग्लंडमधून हजारो गरीब कुटुंबे जहाजाने अमेरिकेला गेली आणि ॲपलाचियन डोंगररांगांत वसली. वळकटीत फारसे काही नव्हते. गाणी डोक्यात होती आणि त्यांना भाडे पडत नव्हते. परदेशी आलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजावून द्यायला नको.

पुढे विद्वानांचे लक्ष गेले. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात ३०५ जुन्या कथागीतांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात बार्बरा ॲलनचा क्रमांक ८४. गंमत म्हणजे हार्वर्ड ज्या गावात आहे त्याचेही नाव केंब्रिजच. पण चाइल्डसाहेबांचे काम मुख्यतः हस्तलिखिते आणि छापील कागद यांवर चाललेले. गाणारी माणसे शोधत फिरण्याचे काम आमच्या केंब्रिजच्या एका माणसाने केले.

तो म्हणजे क्लेअर कॉलेजचा सेसिल शार्प. पेशाने संगीतशिक्षक, दम्याने हैराण. १९०३ मध्ये सॉमरसेट परगण्यातल्या एका खेड्यात त्याने एका माळ्याला काम करता करता गाणे म्हणताना ऐकले आणि जागच्या जागी ते टिपून घेतले. तेव्हापासून त्याला या गाण्यांचे वेडच लागले. इंग्लंडात एव्हाना फक्त म्हाताऱ्याकोताऱ्यांना जुनी गाणी येत होती. मग ऑलिव्ह डेम कॅम्बेल नावाच्या एका अमेरिकन बाईंनी डोंगरात जमवलेली गाणी त्याला दाखवली आणि १९१६ ते १९१८ या काळात, ऐन महायुद्धात, तो अमेरिकेला गेला. बरोबर त्याची सहकारी मॉड कार्पेलिस. सगळे मिळून ४६ आठवडे त्यांनी डोंगर तुडवले आणि २८१ गायकांकडून १,६१२ चाली टिपल्या. इथे लहान पोरेसुद्धा ही गाणी म्हणत होती. शार्प चाल लिहून घ्यायचा आणि मॉड शब्द. कशात? लघुलिपीत! पीप्ससाहेबांना जे सुचले नाही ते अडीचशे वर्षांनी या बाईने केले. प्रत्येक गाण्याखाली गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख. शार्पची ती बाडे आज क्लेअर कॉलेजात आहेत, मॉडलिनपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर.

शार्पचा दोषही सांगितला पाहिजे. ही गाणी म्हणजे 'आपल्या' इंग्रज रक्ताचा ठेवा, असे त्याच्या मनाने घेतले होते. त्यामुळे काळ्या लोकांचे संगीत त्याने बहुतेक कानाआड केले. बॅन्जो हे वाद्य मुळात आफ्रिकेतून आलेल्या गुलामांचे, त्याकडेही त्याने पाठ फिरवली. तरी १९१८ मध्ये व्हर्जिनियात त्याला आंट मारिया भेटली. पंच्याऐंशीच्या घरातली, गुलामगिरीत जन्मलेली. तिने त्याला बार्बरा ॲलन म्हणून दाखवले, आणि तिच्या गाण्याने तो भारावून गेला. गाण्याने जात विचारली नव्हती, विचारणारा शार्प होता.

१९२७ मध्ये टेनेसीतल्या ब्रिस्टल गावी ग्रामोफोन कंपनीची माणसे यंत्र घेऊन आली. डोंगरातून कार्टर कुटुंब गायला आले आणि इथूनच कंट्री संगीताची बाजारपेठ खऱ्या अर्थाने उभी राहिली. पुढे या कुटुंबातला ए. पी. कार्टर नवी गाणी शोधत गावोगाव फिरे. तो शब्द लिहून घेई. चाल लक्षात ठेवण्याचे काम त्याच्या सोबतचा लेझ्ली रिडल नावाचा काळा गिटारवादक करी. तबकड्यांवर नाव कार्टरचे. रिडलला अनेक वर्षांनी कुणीतरी शोधून काढले.

तेव्हा 'हार्टसाँग्ज'वर 'पारंपरिक' हा जो एक शब्द छापलेला आहे, त्याच्या मागे एवढी माणसे उभी आहेत. पण डॉली पार्टनला हे गाणे शार्पच्या पुस्तकातून शिकावे लागले नाही. अशी गाणी तिची आई घरात म्हणत असे. तिने एवढेच केले, की नाव मोठे झाल्यावर तो आईचा ठेवा सर्वांसमोर मांडला.

आपल्याकडे काय झाले? गावात पिठाची गिरणी आली. कुणाही बाईला विचारा, त्याबद्दल ती गिरणीला दुवाच देईल. पहाटे तीनला उठून दळण्यात काव्य आपल्याला दिसते, तिला खांदे दुखलेले आठवतात. पण जाते थांबले आणि ओवीचे निमित्तच गेले. साने गुरुजींनी खानदेशात आणि इतरत्र बायकांकडून ओव्या जमवल्या, छापल्या. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्या माणसांनी उतरवून ठेवली. १९५१ मध्ये त्या गेल्यावर मुलगा सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. ती वही नसती तर आज आपल्याला बहिणाबाई हे नावही माहीत नसते. पुढे यशवंत देवांच्या चालींवर उत्तरा केळकरांनी ती गाणी गायली आणि त्यांच्या कॅसेट आपल्या बॅगांतून इथवर आल्या.

सर्वांत मोठे काम पुण्यात झाले. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटव्हँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या उतरवल्या. नव्वदीच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी कित्येक तासांचे ध्वनिमुद्रण केले. आता 'पारी' या संस्थेमार्फत इंटरनेटवर त्या वाचता-ऐकता येतात. ओवीखाली बाईचे नाव आहे, गाव आहे. कुणालाही नुसते 'पारंपरिक' म्हणून मोकळे केलेले नाही.

मी तिथे आईच्या गावचे नाव शोधले. मिळाले नाही.

आई २००८ मध्ये गेली. त्यानंतर कधीतरी माळ्यावरच्या खोक्यातून १९९५ ची डायरी काढली. त्या दिवसाचे पान सापडले. माझ्या हस्ताक्षरात एक ओळ होती: 'आज आईने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, फार छान वाटले.' बस्स. ओव्या एकही नाही. कॅसेट प्लेअर त्या वेळी ओट्यावरच होता आणि त्याला लाल बटण होते. पीप्ससाहेबांना मी काय नावे ठेवणार?

गेल्या वर्षी साताऱ्याच्या मावशीला फोन लावला. वय नव्वदीला आलेले. आधी म्हणाली, "आता कुठलं आठवतंय बाळा." मग एक आठवली, तिच्या पाठोपाठ दुसरी. चार रविवारी मिळून अकरा ओव्या झाल्या. या वेळी ध्वनिमुद्रण केले, आणि वहीत खाली मावशीचे नाव, गाव आणि तारीखही घातली. शेवटच्या रविवारी फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "तुझी आई ही निराळ्या चालीत म्हणायची हो. तिची चाल जास्ती गोड होती."

मी विचारले, "कशी?"

तिने थोडा वेळ प्रयत्न केला. मग म्हणाली, "नाही बाबा, ती तिच्याबरोबर गेली."