स्पीकर व ॲम्प्लिफायर, घरगुती
घरात ध्वनी ऐकण्यासाठी विद्युत संकेत वाढवणारा (पहा : विवर्धक) आणि त्याचे ध्वनीत रूपांतर करणारा (पहा : ध्वनिक्षेपक) उपकरणसंच. आजच्या फिरत्या कॉइलच्या स्पीकरची रचना राइस व केलॉग यांनी 1925 मध्ये मांडली. पुढे ट्रँझिस्टरमुळे ॲम्प्लिफायर लहान व स्वस्त झाले.

निवडताना वॅटच्या आकड्यापेक्षा संरोध (इंपीडन्स) जुळणे महत्त्वाचे. स्पीकर 4 ओहमचा व ॲम्प्लिफायर किमान 8 ओहमसाठी बनवलेला असेल, तर ॲम्प्लिफायर तापून जळू शकतो. शक्ती दुप्पट केली तरी पातळी 3 डेसिबलनेच वाढते.

आवाज फाटत असल्यास आधी कोनाभोवतीची (स्पीकरच्या शंकूच्या आकाराच्या पडद्याभोवतीची) कड पाहावी. फोमच्या कडेचा काही वर्षांनी भुगा होतो. कोन शाबूत असल्यास केवळ कड बदलून स्पीकर वाचतो आणि तो टाकून देणे चूक ठरते. 8 ओहमच्या स्पीकरवर मल्टिमीटर साधारण 6 ते 7 ओहम दाखवतो. काहीच न दाखवल्यास कॉइल तुटलेली असते. ॲम्प्लिफायरमध्ये सतत गुणगुण येण्याचे नेहमीचे कारण फुगलेला फिल्टर कपॅसिटर (पहा : विद्युत् धारित्र). प्लग काढल्यानंतरही त्यात विद्युतभार उरतो, म्हणून तो उतरवूनच हात घालावा.

मांडणीत दोन स्पीकर व श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा, ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीवर ठेवावा. दोन्ही स्पीकरची धन-ऋण जोडणी सारखी नसल्यास खर्ज नाहीसा होतो. स्पीकर कोपऱ्यात ठेवल्यास खर्ज घुमतो.