पटापाशी बसलेल्या तीन बहिणी

भगिनींनो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा लिहिण्यात काही उणे-अधिक झाल्यास सांभाळून घ्यावे.

माझे माहेर कल्याणचे. दुपारी ओटीवर आजोबा आणि शेजारचे अण्णा बुद्धिबळाचा पट मांडीत. चहा नेता-आणता मी घोड्याची अडीच घरे शिकले. एकदा न राहवून म्हटले, "आजोबा, तुमचा उंट जातोय." उंट खरोखरच गेला, पण बोलणी मला बसली. "ऊठ, हा बायकांचा खेळ नव्हे." कित्येक वर्षे मी ते खरेच मानले.

पुढे लग्न होऊन डोंबिवलीस आल्यावर कळले की, माझ्या जन्माआधीच गिरगावातल्या तीन मुलींनी याचे उत्तर देऊन ठेवले होते. 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या या कन्या. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. ती वासंतीने जिंकली. पुढच्या वर्षी जयश्री अजिंक्य ठरली. १९७६ मध्ये अवघ्या १३ वर्षांच्या रोहिणीने ते पद मिळविले.

त्याच साली रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. तोवर तेथे एकही मुलगी खेळली नव्हती. गहजब झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष, माजी जगज्जेते मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. पुढे १९८१ साली रोहिणी आशियाची महिला विजेती झाली.

हार-जीत पुढची. पंगतीत आधी पाट मांडलेला हवा. तो पाट त्या पोरीने सगळ्या लेकीबाळींसाठी मांडून घेतला.

यंदा आपल्या मंडळाच्या स्पर्धेत वरच्या मजल्यावरच्या काकू आणि मी समोरासमोर बसलो. मी घाईने प्यादे उचलले. काकू हळूच म्हणाल्या, "अगं, तुझा उंट जातोय." पण हात लावलेली सोंगटी चालवावीच लागते. उंट गेला, मागोमाग डावही गेला. मात्र या वेळी मला कोणी 'ऊठ' म्हटले नाही.

वर्धापनदिनी एवढीच विनंती, की स्पर्धा संपली म्हणून तो पट कपाटात ठेवू नये. दर शनिवारी मांडावा, आणि मुलींनाही बरोबर आणावे.