पोलादाचे अग्निसंरक्षण
इमारतींचे पोलादी सांगाडे, तसेच कारखान्यांतील टाक्या, मनोरे व नळमार्ग यांचे आधार आगीत ठराविक काळ तग धरून राहावेत, म्हणून त्यांवर उष्णतारोधक पदार्थांचे आवरण चढवितात. पोलाद जळत नाही. परंतु वितळण्याच्या कितीतरी आधीच त्याची भार पेलण्याची क्षमता घटते. बांधकामाचे साधे पोलाद सु. १,५००° से. ला वितळते, पण सु. ५५०° से. तापमानालाच त्याचे बल मूळच्या सु. ६०% इतके उरते. शिवाय १० मी. लांबीची तुळई एवढी तापल्यास ६ ते ७ सेंमी. लांबते व टेकूच्या भिंतींना बाहेर रेटते. आवरणाने आग विझत नाही. माणसे बाहेर पडेपर्यंत व बंब येईपर्यंत वेळ मिळतो.

लोखंड इमारतींत आले ते मात्र आगीवरील उपाय म्हणूनच. इंग्लंडमधील गिरण्यांचे तेलाने माखलेले लाकडी मजले वारंवार जळत. १७९७ मध्ये श्रूझबरीजवळ डिथरिंग्टन येथे चार्ल्स बेज यांनी उभारलेली, जवसाचे धागे कातणारी गिरणी ही संपूर्ण लोखंडी सांगाड्याची पहिली इमारत मानली जाते. अशा गिरण्यांना ‘अग्निरोधक’ म्हणत. हे नाव अर्धेच खरे होते. मजला जळत नसला, तरी त्यावर रचलेला माल जळतोच. आणि तापलेल्या बिडाच्या स्तंभावर पाणी पडले, तर तो तडकण्याचा संभव असतो. लंडनच्या अग्निशामक दलाचे प्रमुख जेम्स ब्रेडवुड यांनी १८४९ मध्ये गोदामांतील उघड्या लोखंडाचा धोका स्पष्टपणे मांडला होता. २२ जून १८६१ रोजी टूली मार्गावरील गोदामांच्या आगीत भिंत कोसळून त्यांचाच अंत झाला.

१८७१ च्या शिकागोच्या आगीनंतर लोखंड मातीच्या भाजलेल्या पोकळ विटांनी वेढण्याची पद्धत अमेरिकेत पसरली. गगनचुंबी इमारतींचा उदय झाला, तो या आवरणाच्या आधारानेच. पुढे विटांची जागा काँक्रीटने घेतली. ही आवरणे टिकाऊ, पण फार जड. जिप्समचा गिलावा त्यामानाने हलका. त्यात वजनाच्या सु. एक पंचमांश इतके पाणी स्फटिकबद्ध असते व ते बाफ होऊन निघून जाईपर्यंत आतील पोलाद फारसे तापत नाही. आवरणांची तुलना करण्यासाठी अमेरिकेत १९१८ मध्ये प्रमाणित कसोटी प्रसिद्ध झाली. तीत भट्टीचे तापमान एका तासात ९२७° से. पर्यंत नेतात.

इंग्लंडमध्ये १९३० नंतरच्या दशकात ॲस्बेस्टसचे तंतू व सिमेंट यांचे मिश्रण फवाऱ्याने चढविण्याची रीत निघाली. ती स्वस्त, हलकी व झटपट असल्यामुळे युद्धोत्तर काळात उंच इमारतींत सर्रास वापरली गेली. तथापि हे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत गेल्याने कर्करोग होतो, हे अर्व्हिंग सेलिकॉफ यांच्या कामगारांवरील संशोधनातून निर्विवादपणे पुढे आले आणि १९७३ मध्ये अमेरिकेने असा फवारा निषिद्ध केला. आगीपासून वाचविणाऱ्या या पदार्थाची किंमत प्रथम तो फवारणाऱ्या कामगारांनी मोजली.

न्यूयॉर्क येथील वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्याचे बांधकाम चालू असतानाच, १९७० मध्ये, सु. चाळिसाव्या मजल्याच्या सुमारास ॲस्बेस्टसचा फवारा थांबवून खनिज लोकरीचा सुरू करण्यात आला. ११ सप्टेंबर २००१ रोजी विमानांच्या धडकेने हे आवरण अनेक ठिकाणी उडून गेले. ते जागेवर राहिले असते, तर मनोरे बहुधा कोसळले नसते, असा निष्कर्ष शासकीय तपासात २००५ मध्ये निघाला. ॲस्बेस्टस असते तर अनर्थ टळला असता, हा त्या वेळी झालेला दावा मात्र पटण्याजोगा नाही. कारण तोही लेप तंतुमय व फवाऱ्यानेच बसविलेला असे. पुढे अमेरिकेच्या आदर्श बांधकाम संहितेत इमारतीच्या उंचीनुसार लेपाची चिकटण्याची शक्ती वाढविण्यात आली.

खनिज तेल कारखान्यांतील आग लाकूड वा कागदाच्या आगीहून फार वेगाने तापते. ४ जानेवारी १९६६ रोजी फ्रान्समधील फेझँ येथे गोलाकार टाकीतून पाणी काढताना झडप गोठून उघडीच राहिली व प्रोपेन वायू बाहेर पडून पेटला. सु. दीड तासाने टाकी फुटली. त्या आगीत १८ जण मरण पावले. पाय पुरेसे संरक्षित नसल्याने शेजारच्या टाक्याही कोलमडल्या. अशा ठिकाणांसाठी नंतर, पाच मिनिटांतच सु. १,१००° से. तापमान गाठणारी स्वतंत्र कसोटी ठरविण्यात आली. टाक्यांच्या पायांना काँक्रीटचे किंवा उष्णतेने फुगून जाड, सच्छिद्र कोळशासारखा थर बनणाऱ्या इपॉक्सी रेझिनाचे आवरण देतात. काँक्रीट स्वस्त असले, तरी त्याच्या भेगांतून पाणी झिरपते व आतले पोलाद न दिसता गंजत जाते. म्हणून अशी आवरणे ठरावीक मुदतीने तपासावी लागतात.